न पळणारा मासा

समुद्रघोडा हा मासा आहे, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. त्याला कल्ले आहेत, पर आहेत. म्हणजे तो मासाच. मात्र अंगावर खवले नाहीत, कातडीखाली हाडांच्या कड्यांचे चिलखत आहे. तो उभा पोहतो. पाठीवरचा एवढासा पर सेकंदाला तीस-पस्तीस वेळा थरथरतो, आणि एवढ्या धडपडीतून जी गती मिळते ती पाहून दुसऱ्या माशांनी हसावे. मग हा जगतो कसा?

धरून राहून. त्याची शेपटी पोहण्यासाठी नाहीच. ती समुद्रगवताच्या पात्याला किंवा पोवळ्याच्या फांदीला वेटोळे घालते आणि प्राणी तेथेच रंग बदलून गप्प राहतो. जवळून सूक्ष्म जीव गेला की लांब नळीसारख्या तोंडाने ओढून घेतो. त्याला दात नाहीत, जठरही नाही; म्हणून दिवसभर खात राहावे लागते. ज्याच्या पोटात साठवण नाही त्याला सुट्टी नाही, हे आम्हां कामगारांच्या सभांतून फिरलेल्यांना निराळे सांगावयास नको.

किनाऱ्यालगत खेकडे आणि पाकटे त्याला खातात. पण चिलखतामुळे तो चावण्यास कठीण आणि मांस थोडके. कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथील संशोधकांनी २०१३ साली दाखविले की, त्याची शेपटी दाबून जवळजवळ निम्मी केली तरी कण्याला कायमची इजा होत नाही.

खोल समुद्रात मात्र गवत नाही आणि धरावयास काही नाही. वादळाने उपटलेल्या शेवाळाबरोबर समुद्रघोडे तेथवर वाहत जातात. शिवाय नराच्या पोटावरील पिशवीतून बाहेर पडणारी पिल्ले, कधी शेकड्यांनी, पुष्कळदा प्रवाहावरच तरंगतात. तेथे गाठ पडते ती वेगवान शिकाऱ्यांशी. हवाई बेटांजवळची एक लहान जात जॉर्डन व एव्हरमन यांनी १९०३ साली वर्णिली. ती माहीमाही व कुपा अशा मोठ्या माशांच्या पोटांत सापडलेली आहे. दडण्याची सारी विद्या तेथे फुकट जाते. तरी कुपा काही समुद्रघोड्यांवर जगत नाही. सापडला तर गिळतो, इतकेच. एवढी पिल्ले होतात ती या तोट्याचा हिशेब धरूनच.

त्या हिशेबात न बसणारा एक भक्षक आहे, तो म्हणजे तळ खरवडत जाणारे ट्रॉलरचे जाळे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, इतर माशांबरोबर जाळ्यांत येणाऱ्या समुद्रघोड्यांची संख्या वर्षाला सुमारे ३ कोटी ७० लाख धरली होती. भारताने २००१ साली त्यांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण दिले. ते योग्यच झाले. पण जाळ्याला कायदा वाचता येत नाही, आणि त्यात काय यावे हे ट्रॉलरवरच्या खलाशाच्या हाती नसते. जाळे कोठे ओढावयाचे हे ठरविणारे बहुधा किनाऱ्यावर बसलेले असतात. बंदीची झळ पोचते ती टोपली घेऊन उभ्या राहिलेल्याला. गवताच्या पट्ट्यांत ट्रॉलर येऊच नये, ही मागणी लहान होडीवाल्या कोळ्याच्याही हिताची आहे, असे आमचे मत आहे.

जाळ्यातून जिवंत परत फेकलेला समुद्रघोडा आपल्या गवतापासून दूर पडतो. पुष्कळ जातींत नर-मादी विणीच्या हंगामात एकाच जोडीने राहतात. त्यांतील एक गेला की दुसरा जोडीदार मिळेपर्यंत उरलेल्याची वीण थांबते.