नंबर तोच, मेसेज मात्र बेपत्ता

सिम हरवलं म्हणून नवं घेतलं, किंवा जुन्या सिमचं ई-सिम करून घेतलं. थोड्या वेळात रेंज आली, कॉल लागला, इंटरनेटही चालू झालं. बँकेचा ओटीपी तेवढा येत नाही. ‘पुन्हा पाठवा’ दाबून दाबून माणूस थकतो, वर खातंही लॉक होतं.

फोन बिघडलेला नसतो. सिम बदललं की त्या नंबरवर येणारे आणि जाणारे असे सगळे एसएमएस २४ तास बंद ठेवा, असा आदेश दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये मोबाइल कंपन्यांना दिला. त्यामागे ‘सिम स्वॅप’ची चोरी आहे. भामटा बनावट कागदपत्रं दाखवून दुसऱ्याच्या नंबरचं डुप्लिकेट सिम काढतो. खऱ्या मालकाच्या फोनची रेंज जाते आणि त्याच्या खात्याचे ओटीपी भामट्याच्या हाती पडतात. या २४ तासांत मालकाला संशय यावा, त्याने कंपनीला कळवून नंबर थांबवावा, हा हेतू. नियम रास्तच आहे.

पण दुकानात ते सांगतं कोण? जाणारे एसएमएसही अडतात, त्यामुळे नव्या फोनवर यूपीआय सुरू होत नाही; नंबर पडताळण्यासाठी ते अ‍ॅप आपल्याच सिमवरून बँकेकडे एसएमएस पाठवत असतं. दवाखान्याचं बिल भरायला उभ्या असलेल्या माणसाला हे ऐन काउंटरवर कळणं ही क्रूर गोष्ट आहे. सिम हातात देतानाच एक वाक्य बोललं, तर हे टळेल.

कंपनी बदलताना अडचण वेगळी असते. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून मिळाली. त्याआधी नंबरच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून कंपनी ओळखता येई. आता प्रत्येक मेसेजला ‘हा नंबर सध्या कोणाकडे?’ हे मध्यवर्ती नोंदींवरून ठरवावं लागतं. पाठवणाऱ्याच्या यंत्रणेत जुनीच नोंद राहिली, तर मेसेज जुन्या कंपनीच्या दाराशी जाऊन अडतो. एका बँकेचे मेसेज येतात, दुसरीचे येत नाहीत, असं झालं तर तक्रार करताना नेमकं हेच सांगावं. सिम स्वॅपनंतर सात दिवस कंपनी बदलण्यासाठी लागणारा पोर्टिंगचा कोडच मिळू नये, असा नियम १ जुलै २०२४ पासून लागू आहे, तोही चोरांना रोखण्यासाठीच.

सर्वांत फसवा प्रकार आयफोन सोडणाऱ्यांच्या वाट्याला आला. २०११ मध्ये अ‍ॅपलने आयमेसेज ही आपली मेसेज सेवा आणली. माणूस अँड्रॉइडवर गेला, तरी अ‍ॅपलकडे त्याचा नंबर आयमेसेजवालाच राही. मित्रांच्या आयफोनवरून निघालेले मेसेज अ‍ॅपलच्याच सर्व्हरवर जात आणि नव्या फोनपर्यंत पोचतच नसत. पाठवणाऱ्याला वाटे, उत्तर द्यायचं नसेल. २०१४ मध्ये अमेरिकेत याबद्दल अ‍ॅपलवर खटला झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आयमेसेजमधून नंबर काढून घेण्याची ऑनलाइन सोय कंपनीने दिली. गूगल मेसेजेसमधल्या आरसीएस या चॅट सेवेलाही तशीच सोय ठेवावी लागली.

म्हणून जुन्या फोनमधून सिम काढण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन आयमेसेज किंवा आरसीएस बंद करावं. सिम बदलायचं तर दुसऱ्या दिवशी पैसे भरायचे नाहीत ना, हे आधी पाहावं. आणि आपण सिम बदललेलं नसताना अचानक रेंज गेली, तर दुसऱ्या फोनवरून लगेच कंपनीला आणि बँकेला कळवावं. पैसे गेलेच असतील, तर १९३० या सायबर हेल्पलाइनलाही.