लॅमिनेशन प्रेस आणि कार्डांचे दशक

प्लास्टिक कार्ड किती टिकणार, हे छपाईपेक्षा लॅमिनेशन प्रेसवर अधिक ठरते. 'अमेरिकन एक्स्प्रेस'ने १९५९ मध्ये प्लास्टिकचे कार्ड आणले. पुढे आयएसओ ७८१० या मानकाने ८५.६० × ५३.९८ मिलिमीटर हे माप आणि ०.७६ मिलिमीटर जाडी पक्की केली. त्यानंतर बराच काळ प्रेसचे काम ठरलेल्या चाकोरीतच चालले.

छापलेल्या पीव्हीसी शीटच्या दोन्ही बाजूंना पारदर्शक ओव्हरले लावतात. एका शीटवर अनेक कार्डे असतात. चकचकीत पॉलिश केलेल्या पोलादी पत्र्यांमध्ये अशा शीटची थप्पी रचून ती हायड्रॉलिक प्रेसमध्ये सरकवतात. साधारण १३० ते १५० अंश सेल्सिअसला पीव्हीसी मऊ होऊन थर एकजीव होतात. शाईवर ओव्हरले नीट धरत नाही, म्हणून त्याच्या आतल्या बाजूला उष्णतेने चिकटणारा लेप असतो. मग दाब कायम ठेवून थप्पी थंड करतात. इथे घाई केली की कार्ड वाकते. उष्णता किंवा दाब कमी पडला की पापुद्रे सुटतात. शीटमधून एकेक कार्ड कापून काढणे, म्हणजे पंचिंग, त्यानंतर.

भारतात या यंत्राचे खरे दिवस आले ते २०१० नंतरच्या दशकात. २०१२ मध्ये रुपे हे देशी कार्ड-जाळे आले. २८ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झालेल्या जनधन योजनेने कधी बँकेची पायरी न चढलेल्यांच्या हातीही कार्ड दिले. रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये चिपची सक्ती केली आणि जुनी कार्डे बदलायला २०१८ अखेरची मुदत घातली. त्यापायी केवळ चुंबकीय पट्टी असलेली धडधाकट कार्डेही कात्रीखाली गेली. संपर्काची चिप पंचिंगनंतर खाच कोरून बसवता येई. संपर्करहित कार्डाची अँटेना मात्र लॅमिनेशनपूर्वीच थरांत ठेवावी लागते. साहजिकच प्रेसच्या चुकीची किंमत वाढली.

त्याच दशकात, २०१६ मध्ये, यूपीआय आले आणि रोजच्या खरेदीत कार्डाची जागा मोबाइलने घेतली. कार्डाचा मान उतरला, तशी घडणीची चाडही कमी झाली. आधार ओळखपत्राच्या बाबतीतही हेच दिसले. त्याचे अधिकृत पीव्हीसी कार्ड २०२० मध्ये पन्नास रुपयांत मिळू लागले. तरी कोपऱ्यावरच्या दुकानांत तयार पांढऱ्या कार्डावर इंकजेटने छापून देण्याचा धंदा चाललाच. तिथे शाई वरच राहते आणि खिशात घासून पुसट होते. सुरक्षाचिन्हे नसल्यामुळे बाजारातल्या अशा प्रतींना आधार प्राधिकरणाने २०२२ मध्ये नापसंती दर्शवली.

अधिक सुरक्षा लागणाऱ्या ओळखपत्रांच्या क्षेत्रात मात्र प्रेसचे महत्त्व अजून टिकून आहे. पॉलिकार्बोनेटचे थर पीव्हीसीपेक्षा जास्त तापमानाला असे एकजीव होतात की, कार्ड फाडल्याशिवाय ते सुटे करता येत नाहीत. त्यावरचा मजकूर लेसरने आतल्या थरात कोरतात. अनेक देशांच्या पासपोर्टांचे माहितीपान याच पद्धतीने तयार होते.