भाव ठरवतं तरी कोण?

तुम्ही नवंकोरं डीमॅट खातं उघडलं आहे. पॅन, आधार, बँकेचा तपशील, मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरलेला चेहरा, सगळे सोपस्कार उरकले आहेत. आता एका कंपनीचं नाव शोधता, पन्नास शेअर असा आकडा टाकता आणि ‘बाय’ दाबता. पापणी लवते न लवते तोच निरोप येतो: ऑर्डर पूर्ण झाली.

जरा थांबा. हे पन्नास शेअर तुम्हाला विकले कुणी?

कंपनीने नाही, तिला या सौद्याचा पत्ताही नाही. ब्रोकरनेही नाही, त्याने फक्त तुमची ऑर्डर पुढे पोहोचवली. विकणारी दुसरीच कुणीतरी आहे. नागपूरची निवृत्त शिक्षिका असेल, सिंगापूरचा एखादा फंड असेल. तुम्हाला जो शेअर घ्यावासा वाटला, तोच तिला नेमका त्याच क्षणी विकावासा वाटला. तिचं नाव तुम्हाला कधीच कळणार नाही, तुमचं तिला कळणार नाही. तरी दोघांचे पैसे सुरक्षित आहेत. नवशिक्याला सगळे आधी ‘टिप’ देतात. मला वाटतं, त्याला आधी हे यंत्र दाखवावं, कारण ते माणसाने बांधलेल्या सगळ्यात विलक्षण यंत्रांपैकी एक आहे.

मुळात शेअर घ्यायचा तर तो कंपनीकडून का नाही घेता येत? त्यासाठी १६०२ सालच्या ॲमस्टरडॅममध्ये जावं लागेल. तिथे नव्याने निघालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या भांडवलाची नोंदवही उघडली होती. याच कंपनीची वखार पुढे आपल्या वेंगुर्ल्यात उभी राहिली. तिचे पडके अवशेष आजही तिथे दिसतात. एकट्या ॲमस्टरडॅममधून १,१४३ जणांनी पैसे घातले. त्यात बडे व्यापारी होतेच, पण कंपनीच्या एका संचालकाच्या घरी काम करणारी नेल्टखेन कॉर्नेलिस नावाची मोलकरीणही होती. तिने १०० गिल्डर लिहून दिले!

तोवरची रीत अशी, की एका सफरीसाठी पैसे गोळा करायचे आणि जहाज परतलं की मिरी-लवंगा विकून हिशेब मिटवायचा. या कंपनीला मात्र पैसा वर्षानुवर्षं हवा होता. जहाजं बांधायची, वखारी उभारायच्या, तर भांडवल दर सफरीनंतर परत कसं करणार? पण पैसे घालणाऱ्याला मध्येच गरज पडली तर? त्यावर त्या नोंदवहीत एक साधी सोय होती: तुमच्या नावावरचा हिस्सा कंपनीच्या हिशेबनिसासमोर दुसऱ्याच्या नावावर करून देता येईल. बस, एवढंच! पण या एका सोयीने केवढी किमया केली पाहा. कंपनीचा पैसा समुद्रावर अडकलेला आणि तुमचा पैसा तरीही मोकळा, दोन्ही एकाच वेळी. कंपनी परत देत नाही म्हणूनच दुसरा घेणारा शोधावा लागतो, आणि असे घेणारे-विकणारे जिथे भेटतात तो शेअर बाजार. आजही कंपनीला तुमचे पैसे थेट मिळतात ते आयपीओसारख्या प्रसंगी, ती नवे शेअर काढते तेव्हा. त्यानंतर रोज चालते ती आपसातली अदलाबदल.

मग या अदलाबदलीत भाव कोण ठरवतं? सरकार? कंपनीचा मालक? बाजारातला कुणी बडा दलाल?

कुणीच नाही. समजा, एका शेअरच्या विक्रीच्या रांगेत सगळ्यात स्वस्त मागणी ४१२ रुपये १० पैशांची आहे, पण त्या भावाला फक्त ३० शेअर आहेत. त्यामागे ४१२ रुपये १५ पैशांना २०० शेअर उभे आहेत. समोरच्या रांगेत घेणारे आहेत. त्यांतला सगळ्यात उदार माणूस ४१२ रुपयांपर्यंत यायला तयार आहे. दोन्ही रांगांमध्ये १० पैशांची फट आहे. ती फट आहे तोवर सौदा होत नाही. आता तुम्ही ५० शेअरची ‘मार्केट ऑर्डर’ टाकता, म्हणजे ‘मिळेल त्या भावाला द्या’ म्हणता. तुम्हाला ३० शेअर ४१२.१० ला मिळतात आणि उरलेले २० शेअर ४१२.१५ ला. तुमच्या बोटाने भाव पाच पैशांनी वर सरकला! टीव्हीवर पळणारी आकड्यांची पट्टी अशाच असंख्य बोटांनी हलत असते. आणि तुम्ही ४१२ ची ‘लिमिट ऑर्डर’ टाकली असती, तर घेणाऱ्यांच्या रांगेत शेवटी जाऊन उभे राहिला असतात. त्या शेअरमध्ये व्यवहार तुरळक असतील, तर दोन रांगांमधली फट पैशांची नसून रुपयांची असते आणि ‘मिळेल त्या भावाला’ म्हणणाऱ्याचा खिसा चांगलाच कापला जातो. नवख्याने लिमिट ऑर्डरची सवय आधी लावून घ्यावी, हे माझं ठाम मत आहे.

त्या रांगेचा नियम दोनच गोष्टी पाहतो: आधी भाव, मग वेळ. जो चांगला भाव देईल तो पुढे. भाव सारखाच असेल तर जो आधी आला तो पुढे. हजारो कोटी सांभाळणारा फंड तुमच्यानंतर त्याच भावाला आला, तर तो तुमच्या मागे उभा राहतो. पन्नास शेअरवाल्याच्या मागे! संगणकाला त्याची श्रीमंती दिसतच नाही.

हा न्याय आपल्याकडे फार जुना नाही. १८५० च्या दशकात मुंबईचे दलाल टाउन हॉलसमोर, आज जिथे हॉर्निमन सर्कल आहे त्या भागात, वडाच्या झाडाखाली जमत. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आलेला पैसा शेअरांत ओतला गेला. बॅकबेचा समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपनीचे शेअर तर आभाळाला भिडले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला आणि त्यासोबत कंपन्या आणि बँकाही बुडाल्या. त्या तेजीचे बादशहा प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर मात्र मुंबई विद्यापीठाच्या आवारात अजून दिमाखात उभा आहे. पुढे १८७५ मध्ये दलालांनी आपली संघटना बांधली. तीच आजची बीएसई. तिच्या रिंगणात ओरडून आणि हातांच्या खुणांनी सौदे होत. ज्याचा आवाज मोठा त्याचा सौदा आधी. साताऱ्याच्या किंवा लातूरच्या गिऱ्हाइकाला खरा भाव काय लागला, हे कळायला दलालाच्या शब्दावाचून दुसरा मार्ग नव्हता.

नोव्हेंबर १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने, म्हणजे एनएसईने, शेअरांचे व्यवहार संगणकाच्या पडद्यावर सुरू केले, तेव्हा गावोगावच्या टेलिफोन तारांवर भरवसा ठेवावा अशी स्थिती नव्हती. मग काय केलं असेल? ब्रोकरांच्या छपरांवर छोट्या उपग्रह-तबकड्या बसवल्या. लहान शहरातल्या माणसाची ऑर्डर सुमारे ३६,००० किलोमीटर वर उपग्रहापर्यंत जायची आणि तिथून मुंबईत उतरायची, आणि या सगळ्याला पाव सेकंद लागायचा. दलाल स्ट्रीटवरच्या बीएसईच्या रिंगणात आवाज पोहोचवता येत नव्हता, म्हणून तो अंतराळातून पाठवला! १९९५ मध्ये बीएसईनेही पडदा स्वीकारला आणि रिंगणातला कोलाहल थांबला.

आता ज्या कोड्याचं मला सगळ्यात जास्त अप्रूप आहे, तिकडे येऊ. सौदा जुळला, पण त्या अनोळखी विक्रेत्याने शेअर दिलेच नाहीत तर? किंवा तुम्हीच पैसे दिले नाहीत तर?

भिशी आठवा. एखादीने हप्ता चुकवला, तरी ज्या बाईची पाळी असते तिला पूर्ण रक्कम मिळते, कारण भिशी चालवणारी पदरचे घालते आणि मग चुकार बाईकडून वसूल करते. बाजारात ही जागा क्लिअरिंग कॉर्पोरेशनची असते. सौदा जुळला की कायद्याच्या नजरेत त्याचे दोन तुकडे होतात: तुम्हाला विकणारी क्लिअरिंग कॉर्पोरेशन आणि त्या विक्रेत्याकडून घेणारीही क्लिअरिंग कॉर्पोरेशन. म्हणजे तुमचा विश्वास आता त्या अनोळखी माणसावर टाकायचाच नाही! तो बुडाला तरी तुमचा सौदा पूर्ण होतो. त्यासाठी कॉर्पोरेशन ब्रोकरांकडून आगाऊ मार्जिन घेते आणि वर एक हमी निधी राखून ठेवते. १९९६ पासून एनएसईच्या क्लिअरिंग संस्थेने ही हमी द्यायला सुरुवात केली, आणि ज्याला आपण ‘बाजार’ म्हणतो त्याचा खरा पाया मला तरी हाच वाटतो.

त्याच वर्षी दुसरी क्रांती झाली. तोवर शेअर म्हणजे कागद. तो ट्रान्सफर फॉर्मसोबत कंपनीकडे टपालाने जायचा. सही जुळली नाही की परत. कागद हरवत, भिजत, खोटेही निघत. नाव चढायला महिने लागत. १९९६ मध्ये डिपॉझिटरी कायदा झाला, शेअरांच्या नोंदी ठेवणारी एनएसडीएल ही संस्था सुरू झाली आणि शेअर कागदातून सुटून नोंदीत गेले. मग घड्याळ पळायला लागलं. एकेकाळी दोन आठवड्यांच्या सौद्यांचा हिशेब एकदम मिटवला जाई. २००१ च्या अखेरीस तो प्रत्येक सौद्यामागे पाच दिवसांवर आला, २००२ मध्ये तीन, २००३ मध्ये दोन आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्व शेअरांसाठी एका दिवसावर. आज घेतलेले शेअर कामकाजाच्या पुढच्याच दिवशी तुमच्या डीमॅटमध्ये. अमेरिकेला हा टप्पा गाठायला मे २०२४ उजाडलं!

इतकं तल्लख यंत्र हाताशी आलं की बोट शिवशिवणारच. सकाळी घ्यावं, दुपारी विकावं, चार पैसे सुटले तर काय वाईट? इथे थोडं गणित करू. एका दिवसात कंपनी काही नवा कारखाना उभारत नाही. म्हणजे सकाळ-दुपारच्या या खेळात साधारणपणे एकाने कमावलेला रुपया दुसऱ्याने गमावलेला असतो, आणि दलाली, कर, शुल्क दोघांच्याही खिशातून जातं. फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये, म्हणजे पुढच्या भावावर केलेल्या करारांत, हे आणखी नागवं दिसतं. बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये तीन आर्थिक वर्षांचा हिशेब मांडला: तिथे उतरलेल्या १०० वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ तोट्यात, आणि सगळ्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. पलीकडच्या बाजूला जे नफ्यात होते, त्या मोठ्या संस्थांचा बहुतेक नफा संगणकी अल्गोरिदमने कमावलेला. तुमचं बोट त्यांच्याशी शर्यत लावतं आहे, आणि ते थकत नाहीत, घाबरत नाहीत, जेवायला उठत नाहीत.

वर्षांच्या मापाने मात्र चित्र पालटतं. कंपनी माल विकते, नफा मिळवते, तो लाभांश म्हणून वाटते किंवा धंद्यात पुन्हा घालते. बाहेरून नवं मूल्य येत राहतं, त्यामुळे एकाच्या फायद्यासाठी दुसऱ्याने हरायलाच हवं असं उरत नाही. पण कुठली कंपनी टिकेल, हे कसं कळावं? त्यावरही माणसाने काढलेली युक्ती पाहा: निवडायचंच नाही. निफ्टी या एनएसईच्या निर्देशांकातल्या सगळ्या पन्नास कंपन्या त्यांच्या वजनाच्या प्रमाणात घ्यायच्या. जॉन बोगल यांनी १९७६ मध्ये अमेरिकेत सामान्य माणसासाठी असा पहिला इंडेक्स फंड आणला, तेव्हा त्यांची टर उडवली गेली आणि अपेक्षेचा दहावा हिस्साही पैसा जमला नाही. आज महिन्याला ५०० रुपयांच्या एसआयपीत कुणीही पन्नास कंपन्यांचा तुकडा-तुकडा घेऊ शकतं. बाजार पडला की तोही पडतो, म्हणून येत्या दोन-तीन वर्षांत लागणारा पैसा तिथे ठेवू नये. पण सुरुवातीला मी कुणालाही हीच वाट दाखवेन.

आणि तुमचे ते पन्नास शेअर? त्यांचं आणखी एक नवल सांगायचं राहिलं, ते फारसं कुणाला ठाऊक नसतं. काही महिन्यांनी तुमच्या ईमेलवर कंपनीचा वार्षिक अहवाल आणि सभेची सूचना येईल. बहुतेक लोक ती न उघडताच पुसून टाकतात. तुम्ही उघडा. त्यात ठराव असतील: अमक्या संचालकाची नेमणूक, तमक्याचं मानधन. त्यावर तुम्हाला घरबसल्या मोबाइलवरून मत देता येतं, एका शेअरला एक मत. आता कधी असाही ठराव येतो, की कंपनीने प्रवर्तकाच्याच दुसऱ्या एखाद्या कंपनीशी मोठा व्यवहार करावा. सेबीच्या नियमाप्रमाणे अशा मोठ्या व्यवहाराच्या बाजूने मत टाकायला संबंधितांना मनाई आहे. ज्याच्याकडे कंपनीचा साठ टक्के हिस्सा आहे, तो प्रवर्तक स्वतःच्या फायद्याचा ठराव स्वतःच्या मतांनी मंजूर करून घेऊ शकत नाही. निकाल उरलेल्यांनी लावायचा असतो, आणि त्या उरलेल्यांमध्ये पन्नास मतांचे तुम्ही आहात.