मांजरांची खानेसुमारी

खानेसुमारीत माणसे मोजली जातात, घरे मोजली जातात, प्रसंगी गुरेढोरे, नांगर आणि विहिरीही मोजल्या जातात. परंतु अमुक गावात मांजरे किती, असा प्रश्न एखाद्या सरकारी अंमलदाराने गंभीरपणे विचारल्याचे उदाहरण विरळाच आढळेल. असे एक उदाहरण आपल्या वऱ्हाडात, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात घडले. अमरावतीचे सिव्हिल सर्जन लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी गावोगावच्या मांजरांची गणती करविली, त्या आकड्यांशेजारी त्याच गावांतील प्लेगची हकीकत मांडून पाहिली, आणि जेथे घरांच्या मानाने मांजरे पुष्कळ तेथे प्लेग एक तर आलाच नाही किंवा आला तरी फार टिकला नाही, असा निष्कर्ष काढून तो १९०८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. हा गृहस्थ लहरी नव्हता. त्यापूर्वी मध्यप्रांतात दुष्काळाच्या वर्षांत लाखेची डाळ खाऊन माणसांचे पाय लुळे पडत, त्या विकाराचा सविस्तर अहवाल त्याने लिहिला होता. तेव्हा रोगाचे मूळ रोग्याच्या नाडीत शोधण्याआधी त्याच्या घरातील कणगीपाशी शोधावे, ही दृष्टी त्याच्यापाशी आधीपासूनच होती, आणि कणगीपाशी गेलेल्या माणसाला मांजर दिसले नसते तरच नवल.

मांजरापर्यंत पोहोचण्यास सरकारला जी बारा वर्षे लागली, त्यांची कहाणी महाराष्ट्राला नव्याने सांगावयास नको. तरी तिचा क्रम ध्यानी घेतल्यावाचून ब्यूकॅननसाहेबांच्या उपक्रमाचे मोल कळत नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईतील मांडवी भागात, म्हणजे धान्याच्या वखारींच्या ऐन शेजारात, डॉ. अकासियो व्हिएगस यांना प्लेगचे रोगी आढळले. पुढच्याच वर्षी साथीच्या रोगांचा कायदा झाला, घरझडत्या सुरू झाल्या, माणसे रुग्णालयांत आणि विलगीकरणाच्या छावण्यांत नेली जाऊ लागली, पुण्यात त्या बंदोबस्ताचा जो अतिरेक झाला त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री त्या बंदोबस्ताचा प्रमुख रँड याच्यावर झाडलेल्या गोळीत झाला. या साऱ्या धामधुमीत सरकारी यंत्रणेचे लक्ष माणसांवर खिळलेले होते. खेड्यातील माणसाला मात्र, सूक्ष्मजंतूचे नावही ठाऊक नसताना, एवढे पक्के कळत होते की घरात ‘उंदीर पडला’ की बोचके बांधून रानात झोपडी घालावी. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने उंदराच्या अंगावरील पिसूकडे बोट दाखविले, ते बहुतेकांनी हसण्यावारी नेले. आणि १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत प्लेग संशोधन मंडळाने ज्या पिंजऱ्यांत जनावर जमिनीपासून दोन इंच उंचीवर टांगले होते त्यांत रोग पोहोचतो, दोन फूट उंचीवर पोहोचत नाही, कारण पिसूला तेवढी उडी साधत नाही, हे दाखवून दिले तेव्हाच उंदीर हा या खटल्यातील मुख्य आरोपी ठरला.

आरोपी ठरताच त्याच्या डोक्यावर इनाम लागले. या इनामांचा इतिहास हा मनुष्यस्वभावाचाच इतिहास आहे. १९०२ साली हनोईत फ्रेंच सरकारने उंदराच्या शेपटीमागे पैसे देण्यास आरंभ केला, तेव्हा शहरात बिनशेपटीचे उंदीर हिंडताना दिसू लागले, कारण जिवंत सोडलेला उंदीर पुन्हा शेपट्यांचेच पीक देणार हे लोकांनी ओळखले होते. आणि पुढे तर उंदीर मुद्दाम पाळले जात असल्याचे उघडकीस आले. टोकियोत १९०० पासून दर उंदरामागे पाच सेन मिळत. नात्सुमे सोसेकी या जपानी कादंबरीकाराने मांजराच्या तोंडून जी कादंबरी वदविली, तीत शेजारचा दांडगा बोका तक्रार करतो ती हीच, की उंदीर धरावेत आम्ही आणि पोलीसचौकीवर नेऊन पाच सेन खिशात घालावेत आमच्या धन्याने. विनोद बाजूस ठेवला तरी बोक्याच्या तक्रारीत तथ्य आहे: या व्यवहारात इमानाने चाकरी बजावणारा घटक तो एकटाच होता.

चाकरी हा शब्द येथे अलंकार म्हणून योजलेला नाही. मांजराची नेमणूक, रोजमुरा आणि कामगिरीची झडती यांचे कागद दप्तरांत खरोखरच आहेत. रशियाची सम्राज्ञी एलिझाबेथ हिने १७४५ साली फर्मान काढून कझान शहरातून उंदीर धरण्यास लायक अशी उत्तम आणि धिप्पाड मांजरे राजवाड्यासाठी मागविली, आणि त्यांजबरोबर त्यांना खाऊ घालणारा माणूसही पाठवावा असे बजाविले. सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयाच्या तळघरांत मांजरे आजही आहेत. याहून मासलेवाईक प्रकरण लंडनच्या टपालखात्याचे. तेथील मनीऑर्डर कचेरीत उंदीर कागद कुरतडीत, म्हणून १८६८ साली तीन मांजरांसाठी आठवड्यास दोन शिलिंगांची मागणी झाली. वरिष्ठांनी एक शिलिंग मंजूर केला, उरलेली भूक मांजरांनी उंदरांवर भागवावी असा शेरा मारला, आणि सहा महिन्यांत उंदीर कमी न झाल्यास भत्त्यात आणखी कपात होईल अशी तंबीही दिली. मागणी निम्म्यावर आणावयाची हा कारकुनी शिरस्ता जगात सर्वत्र सारखाच दिसतो. मांजरे मात्र कसोटीस उतरली, आणि ही नेमणूक खात्यात शंभराहून अधिक वर्षे चालू राहिली.

कुत्र्यांचा वृत्तांत याहून निराळा आणि थोडक्यात सांगण्यासारखा. टेरियर जातीचा कुत्रा उंदराला मानगुटीस धरून एका हिसक्यात मारतो आणि खाण्यासाठी न थांबता दुसऱ्याकडे वळतो. म्हणून संख्येने संहार करावयाचा तर कुत्राच हवा, आणि पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत अशा कुत्र्यांना पुष्कळ काम मिळाले. परंतु त्याच्यासाठी बीळ उकरून द्यावे लागते, त्याच्याबरोबर माणूस लागतो, आणि शिकार आटोपून ते दोघे घरी गेले की ओसाड बिळांत नवे भाडेकरू येतात. मुंबई महानगरपालिकेने ही कामगिरी माणसालाच दिली: हातात काठी आणि विजेरी घेतलेला रात्रपाळीचा मूषक संहारक, ज्याने एका रात्रीत तीस उंदीर मारले पाहिजेत असा दंडक आहे. कुत्र्याला कोणी हजेरीपटावर असा आकडा लावला नसता.

मांजराचा स्वभाव मुळातच वेगळा. ते दबा धरते, एक उंदीर धरते, त्याच्याशी खेळते, खाते, आणि मग पोट भरलेल्या गृहस्थाप्रमाणे चुलीपाशी डोळे मिटून बसते. आमच्या आजोळी ज्वारीच्या कणग्यांच्या खोलीत एक थोराड बोका वावरत असे. त्याने उंदीर मारलेला मी दोनतीनदाच पाहिला असेन, पण त्या खोलीत उंदीरही मी क्वचितच पाहिला. या दोन गोष्टींचा संबंध मला पुढे ऑक्सफर्डचे प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांचे काम वाचल्यावर उमगला. त्यांनी इंग्लंडातील शेतवाड्यांवर पाहणी करून १९५३ साली जे प्रसिद्ध केले, त्याचा आशय असा की उंदरांनी आधीच बस्तान बसविलेल्या वाड्यात मांजरे सोडून उंदीर नाहीसे होत नाहीत. परंतु विषाने किंवा अन्य उपायाने वाडा एकदा मोकळा केला आणि मांजरांना तेथे टिकून राहावे एवढे दूध नियमाने मिळत गेले, तर ती बाहेरचा उंदीर पुन्हा आत येऊ देत नाहीत, निदान वाड्याच्या आसपासच्या टापूपुरते तरी. दूध पाजले की मांजर आळशी होते, ही समजूत टपालखात्यातील त्या कपात करणाऱ्या साहेबाचीही होती आणि आपल्या घराघरांतून आजही आहे. एल्टन यांची शेतवाड्यांतील पाहणी नेमकी तिच्याविरुद्ध साक्ष देते. उपाशी मांजर उंदीर मारीत बसत नाही, ते शेजारी निघून जाते.

अलीकडे, २०१८ साली, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका कचरा-प्रक्रिया केंद्रावर संशोधकांनी ७९ दिवस कॅमेरे लावून ठेवले, तेव्हा सुमारे दीडशे उंदरांच्या वसाहतीत मोकाट मांजरांनी मारलेले उंदीर दोनच दिसले. वर्तमानपत्रांनी यावरून मांजराची बडतर्फी जाहीर केली. मला तो निवाडा घाईचा वाटतो. तेथील उंदीर गटारी जातीचे, तपकिरी, पाव किलोहून जड आणि जबड्याने जबर. शिवाय त्याच पाहणीत असेही आढळले की मांजरे जवळपास असली की उंदीर उघड्यावर येणे कमी करीत. आपल्या मराठीत ‘उंदीर’ हा एकच शब्द घरच्या चिमुकल्या उंदराला, आढ्यावरच्या काळ्या उंदराला आणि गटारातल्या या पहिलवानाला लावला जातो, घुशीला तेवढे वेगळे नाव आहे; त्यामुळे मांजराविषयीचे बरेच वाद केवळ शब्दाच्या ऐसपैसपणाने वाढलेले आहेत. ब्यूकॅनन यांच्या वऱ्हाडी गावांत प्लेग नेणारा उंदीर काळा, घरात माणसाशेजारी राहणारा, ज्वारीवर आणि सरकीवर पोसलेला होता, आणि त्याच्यासमोर गावठी मनीचे काही चालण्याजोगे होते.

रॉबर्ट कॉख यांनाही ही कल्पना पटली होती. १८९७ साली जर्मन प्लेग मंडळाबरोबर त्यांनी मुंबई पाहिली होती, आणि १९०८ साली जपानला गेले असता त्यांनी तेथेही मांजरे पाळण्याचाच सल्ला दिला. प्रतिवाद्यांचे म्हणणेही क्षुल्लक नव्हते: मांजराच्या अंगावर पिसवा असतात, आणि ते स्वतः प्लेगने आजारी पडू शकते, हे आता निर्विवाद आहे. साथ भडकल्यावर मांजर उपयोगाचे नाही, कारण तोवर उंदीर मरून त्यांच्या पिसवा मोकळ्या झालेल्या असतात. ब्यूकॅनन यांनी आपल्या मांजरांना जे बिरुद दिले ते प्लेगच्या निवारकाचे नव्हे, प्रतिबंधकाचे. आणि प्रतिबंधाचे यश न घडलेल्या गोष्टीत असल्यामुळे ते सरकारदरबारी सिद्ध करणे नेहमीच दुर्घट असते. लस टोचलेली माणसे मोजता येतात, मारलेले उंदीर मोजता येतात, न आलेला उंदीर कोणत्या रकान्यात मांडावयाचा? त्यांची सूचना सार्वत्रिक धोरण कधीच झाली नाही.

ब्यूकॅनन यांच्या लेखानंतर शहाऐंशी वर्षांनी प्लेगचे नाव महाराष्ट्रात पुन्हा निघाले, ते बीड जिल्ह्यातील मामला या गावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लोकांनी हादरलेली घरे सोडून बाहेर निवारा केला, धान्य मात्र त्या ओस घरांतच राहिले, त्यावर उंदीर माजले, आणि १९९४ च्या ऑगस्टात तेथे गाठी येऊन तापाने माणसे आजारी पडू लागली. वखारी, बाजारसमित्या आणि गावोगावचे साठवणदार यांना म्हणून एवढीच विनंती, की त्यांनी आधी बिळे बुजवावीत, धान्य जमिनीपासून उंच ठेवावे, मग एकदोन मांजरांना आसरा द्यावा, आणि खर्चाच्या वहीत त्यांच्या दुधाची रक्कम निम्मी न करता पुरी लिहावी.