समुद्रातलं प्लास्टिक : समज आणि वस्तुस्थिती

प्लास्टिकची बाटली समुद्रात ४५० वर्षांनी नष्ट होते, असं पोस्टरवर हमखास छापलेलं असतं. एवढी वर्षं थांबून हे कुणी पाहिलं? प्लास्टिकचं मोठं उत्पादन सुरू झालं तेच १९५०च्या आसपास. बाटलीचे तुकडे होतात, तुकड्यांचे आणखी बारीक तुकडे होतात. ५ मिलिमीटरहून लहान झाले की त्यांना सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात.

हे तुकडे लाटा आपटून करतात, हा समज अर्धाच खरा. आधीचं काम उन्हाचं. अतिनील किरणांनी प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात, हवेतला ऑक्सिजन त्यात शिरतो आणि पृष्ठभागाला बारीक तडे जातात. पाण्यात ही क्रिया मंदावते, कारण तिथे गारवा असतो आणि वर शेवाळाचा थर चढून ऊन अडतं. तापलेल्या वाळूवर मात्र ती झपाट्याने होते. भरतीच्या रेषेवर पडून राहिलेला मासेमारीचा जुना निळा दोर चुरगाळून बघा, बोटांना निळी पूड लागते. पावसाळ्याच्या उधाणात ही पूड समुद्रात जाते.

पुढे हलकं तरंगतं, जड बुडतं, असं सरळ गणित नाही. पॉलिथीन पाण्याहून हलकं, नायलॉनचं जाळं जड, इथवर ठीक. पण जिवाणू, शेवाळ, शंखशिंपल्यांची पिल्लं अंगावर चढली की हलका तुकडाही तळाला जातो. तिथेही तो कायमचा नसतो. पावसाळ्यात तळ ढवळला जातो आणि समुद्र घेतलेलं परत देतो. मरीन ड्राइव्हवर मोठ्या भरतीला येणारा कचरा मुंबईकर दरवर्षी बघतात. त्यामुळे ‘हे सगळं लांब पॅसिफिकमध्ये साचतं’ म्हणणं ही निव्वळ सोयीची समजूत. पुष्कळसं आपल्याच किनाऱ्याला, खाडीच्या आणि तिवरांच्या चिखलात अडकतं.

प्लास्टिक निरुपद्रवी, कशातच मिसळत नाही, असंही म्हणतात. किनाऱ्यावरचे दाणे मात्र वेगळंच सांगतात. मे २०२५मध्ये केरळजवळ ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज बुडालं आणि कारखान्यात वितळवण्यासाठी असलेले प्लास्टिकचे दाणे तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावर पसरले. असे दाणे जुने होताना पिवळे पडतात. टोकियोचे संशोधक हिदेशिगे ताकादा जगभरच्या किनाऱ्यांवरून ते मागवून तपासतात. पिवळ्या दाण्यांत पीसीबीसारखी विषारी रसायनं बहुधा जास्त सापडतात, कारण पाण्यातली रसायनं दाणा वर्षानुवर्षं शोषत राहतो.

‘बायोडिग्रेडेबल’ पिशवीवरही विसंबू नका. प्लिमथ विद्यापीठाने अशी पिशवी तीन वर्षं समुद्रात ठेवली. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यानंतरही तिच्यातून बाजारहाट करता येत होता.

किनारा स्वच्छतेच्या मोहिमा बहुतेक सप्टेंबरात होतात, आंतरराष्ट्रीय दिवस गाठून. तोवर उन्हाळ्यातली पूड पाण्यात गेलेली असते. एक मोहीम फेब्रुवारीत घ्या, दोर आणि पिशव्या अख्ख्या हाती लागतील.