तळघरांतील पाणी व तें उपसणारा पंप

उंबरमाळी हें शहापूर तालुक्यांतील गांव खर्डी व कसारा यांच्या दरम्यान, सह्याद्रीच्या पायथ्याशीं आहे. येथील पावसाची ओळख कोणास करून द्यावयास नको. जुलै २०२१ मध्यें येथील रेल्वे-स्थानकांत रूळ पाण्याखालीं गेले व कसाऱ्याकडील गाड्या थांबल्या. पूर्वजांनीं पावसावर योजिलेला उपाय साधा होता: घर उंच जोत्यावर बांधावें व तळघराच्या नादीं लागूं नये. परंतु आतां या भागांतील पुष्कळ माणसें कल्याण, ठाणें, मुंबई येथें राहतात, आणि तेथील अनेक इमारतींस वाहनें ठेवण्यासाठीं तळघरें असतात. म्हणून हा विषय आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

पावसाचें पाणी मुरुमांतून झिरपत जाऊन खालच्या काळ्या खडकावर अडतें व जमिनींतील पाण्याची पातळी चढते. ती तळघराच्या फरशीपेक्षां एक मीटर उंच गेली, तर फरशीच्या दर चौरस मीटरवर खालून सुमारें १००० किलोग्रॅमचा रेटा बसतो. एवढ्या रेट्यास बारीकशी भेगही पुरते. तेव्हां पाण्याशीं झुंजण्यापेक्षां त्यास वाट करून देणें शहाणपणाचें.

याकरितां तळघराच्या सर्वांत सखल जागीं एक खड्डा करून त्यांत बुडता पंप ठेवितात. झिरपलेलें पाणी खड्ड्यांत जमूं लागलें कीं एक पोकळ गोळा त्याबरोबर वर तरंगतो व ठराविक उंचीस विजेची कळ दाबतो. पंपांतील पंखा वेगानें फिरून पाणी नळांत लोटतो. पाणी उतरलें कीं गोळा खालीं येऊन पंप बंद होतो. नळावर एकाच दिशेनें उघडणारी झडप असते. ती नसेल तर पंप थांबतांच नळांतील पाणी पुन्हां खड्ड्यांत येईल.

पंप पाण्यांतच कां ठेवावा, असें विद्यार्थी विचारतील. वर ठेवलेल्या पंपाकडे पाणी चढतें तें बाहेरच्या हवेच्या दाबानें, आणि हा दाब पाण्यास सुमारें दहा मीटरहून उंच चढवूं शकत नाहीं. शिवाय असा पंप सुरू करण्यापूर्वीं बहुधा पाण्यानें भरावा लागतो. बुडता पंप पाणी खालून ढकलतो; त्यास या अडचणी नाहींत.

हें यंत्र आठ महिने निजतें व एका रात्रींत त्यास जागें व्हावें लागतें. यास्तव मे महिन्यांतच त्याची परीक्षा घ्यावी. प्रथम वीज तोडून खड्ड्यांतील गाळ, चिंध्या व पिशव्या काढाव्या, पंपाच्या तोंडाची जाळी धुवावी आणि गोळा कोठें अडकत नाहीं ना, हें पाहावें. मग वीज जोडून खड्ड्यांत बादल्यांनीं पाणी ओतावें. पंप आपण होऊन सुरू झाला व थांबला पाहिजे. नळाचें तोंड भिंतीपासून दूर असावें, नाहीं तर उपसलेलें पाणीच झिरपून परत येतें. तें शेजाऱ्याच्या अंगणांतही सोडूं नये. मुसळधार पावसांतच वीज जाते, म्हणून बॅटरीची सोय हवी. तेलावर चालणारें इंजिन मात्र तळघरांत कधींही लावूं नये. त्याच्या धुरांतील विषारी वायूस वास नसतो व तो जीव घेतो.

पंपाची मर्यादाही ओळखली पाहिजे. तो झिरपणाऱ्या पाण्यासाठीं आहे, दारांतून शिरणाऱ्या लोंढ्यासाठीं नव्हे. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे दर चौरस मीटरवर ९४४ लिटर पाणी! २७ जुलै २०२४ रोजीं दिल्लींतील जुन्या राजेंद्रनगरांत तळघरांतील अभ्यासिकेंत पाणी शिरून तीन विद्यार्थी प्राणांस मुकले.

म्हणून विद्यार्थ्यांस व पालकांस आमचें सांगणें एवढेंच: दारांतून पाणी येऊं लागतांच वस्तूंचा मोह सोडून वर यावें. साचलेल्या पाण्यांत पाय घालून विजेच्या कळीस हात लावूं नये. वीज बाहेरून बंद झाल्याची खात्री होईपर्यंत आंत उतरूं नये. बुडालेलें वाहन पुन्हां घेतां येतें. गेलेला माणूस येत नाहीं.