खेळायचे कधी, थांबायचे कधी

ग्रँड स्लॅम स्पर्धा जिंकायची तर सात सामने जिंकावे लागतात. पुरुष एकेरीत ते पाच सेटचे असतात, महिला एकेरीत तीन सेटचे, आणि दोन सामन्यांच्या मध्ये बहुधा एकच दिवस मोकळा मिळतो. वर्षातून चारदा ही परीक्षा होते. जानेवारीत मेलबर्नच्या उन्हात हार्ड कोर्टवर, मे-जूनमध्ये पॅरिसच्या लाल मातीवर, लगोलग विम्बल्डनच्या हिरवळीवर आणि ऑगस्टअखेर न्यूयॉर्कला पुन्हा हार्ड कोर्टवर. 128 खेळाडूंमधून शेवटी जो उरतो, त्याच्या फटक्यांइतकेच श्रेय पंधरा दिवस शाबूत राहिलेल्या त्याच्या गुडघ्यांना, पाठीला आणि मनगटाला द्यावे लागते. म्हणूनच या खेळात तंदुरुस्ती आणि कारकिर्दीचे निर्णय वेगळे काढता येत नाहीत. कोणत्या स्पर्धेत उतरायचे आणि कोणती सोडायची, दुखणे अंगावर काढायचे की शस्त्रक्रिया करून घ्यायची, एकेरी कधी थांबवायची, हे सारे शरीराचा हिशेब मांडूनच ठरते.

टेनिससाठी लागणारी ताकद लांब पल्ल्याच्या धावपटूपेक्षा वेगळी असते. एक गुण बहुतेक वेळा काही सेकंदांतच संपतो. पण त्या सेकंदांत झेपावणे, जागच्या जागी थांबणे, वळणे आणि पूर्ण ताकदीने फटका मारणे हे सगळे होते. त्यानंतर पुढच्या सर्व्हिसपर्यंत 25 सेकंद, बाजू बदलताना 90 सेकंद आणि सेट संपल्यावर 120 सेकंद मिळतात. एवढ्यात श्वास आणि नाडी खाली आणायची आणि हेच तीन-चार तास करत राहायचे. दमल्यावर किती लवकर सावरता येते, यावर इथे सगळे अवलंबून असते. आजच्या अव्वल खेळाडूंसोबत प्रशिक्षकाइतकाच महत्त्वाचा असा फिजिओ आणि फिटनेस ट्रेनर फिरतो तो याचसाठी.

त्यात पृष्ठभाग बदलत राहतो. लाल मातीवर चेंडू हळू येतो आणि उंच उसळतो, त्यामुळे रॅली लांबतात. पाय घसरवत चेंडूपर्यंत पोहोचता येत असल्याने सांध्यांना बसणारा झटका मात्र थोडा सौम्य होतो. हिरवळीवर चेंडू खाली राहतो, खेळाडूला सतत वाकावे लागते आणि मांड्या, कंबर भरून येतात. हार्ड कोर्ट पायाला काहीच सवलत देत नाही. फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन यांच्यामध्ये पूर्वी दोनच आठवड्यांचे अंतर होते. 2015 पासून ते तीन आठवडे झाले. एका आठवड्याची ही वाढ कागदावर किरकोळ दिसते, पण मातीतून हिरवळीवर येणाऱ्या पायांसाठी ती मोठीच आहे.

शरीराची मर्यादा किती ताणली जाऊ शकते, याचे टोकाचे उदाहरण विम्बल्डनने 2010 मध्ये पाहिले. जॉन इस्नर आणि निकोला माहू यांचा पहिल्या फेरीचा सामना तीन दिवसांत मिळून 11 तास 5 मिनिटे चालला. पाचवा सेट इस्नरने 70-68 असा जिंकला. त्याची किंमत त्याने पुढच्याच फेरीत मोजली. थिएमो डी बाकरने त्याला 6-0, 6-3, 6-2 असे सरळ हरवले. 2012 च्या ऑस्ट्रेलियन ओपनची जोकोविच-नदाल अंतिम लढत 5 तास 53 मिनिटांची झाली आणि बक्षीस समारंभात दोघांसाठी खुर्च्या मागवाव्या लागल्या. 2023 मध्ये मेलबर्नलाच अँडी मरेने थानासी कोक्किनाकिसला पावणेसहा तासांत हरवले, तेव्हा पहाटेचे चार वाजून गेले होते. पुढच्या फेरीत मरे हरला. इस्नर आणि मरे हे दोन्ही विजेते पुढच्या फेरीत रिकाम्या हाताने परतले, हा योगायोग मानता येत नाही. 2019 पासून विम्बल्डनने 12-12 वर टायब्रेक आणला आणि 2022 पासून चारही स्पर्धांत पाचव्या सेटच्या 6-6 वर दहा गुणांचा टायब्रेक खेळला जातो. पहाटेपर्यंत चालणारे सामने मात्र अजून थांबलेले नाहीत.

नियम काही बाबतींत कठोरही आहेत. दुखापतीवर तीन मिनिटांचा वैद्यकीय विराम मिळतो, पण स्नायूंत पेटके आले तर तो मिळत नाही. त्यावर उपचार बाजू बदलतानाच्या वेळातच करून घ्यायचे. 2023 च्या फ्रेंच ओपन उपांत्य सामन्यात कार्लोस अल्काराझने जोकोविचशी पहिले दोन सेट बरोबरीत ठेवले आणि तिसऱ्याच्या सुरुवातीला त्याला पेटके आले. उपचार मिळावेत म्हणून त्याला एक गेम सोडून द्यावा लागला. उरलेले दोन्ही सेट त्याने 6-1, 6-1 असे गमावले. थकव्यापेक्षा मनावरच्या ताणाने हे झाले, असे त्याने स्वतः सांगितले. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. दोनच वर्षांनी, 2025 मध्ये, त्याच कोर्टवर त्याने यानिक सिनरविरुद्ध 5 तास 29 मिनिटांची अंतिम लढत जिंकली. फ्रेंच ओपनच्या इतिहासातली ती सर्वांत लांब अंतिम लढत होती. तंदुरुस्तीत मनाचा वाटा किती असतो, हे या दोन सामन्यांइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

जोकोविचचे स्वतःचे उदाहरण आहाराचे आहे. 2010 पर्यंत मोठ्या सामन्यांत धाप लागणे आणि सामना अर्धवट सोडणे यासाठी त्याच्यावर टीका होत असे. त्या वर्षी त्याने गव्हातले ग्लुटेन आहारातून काढले आणि 2011 ची सुरुवात सलग 41 विजयांनी केली. केवळ आहाराने हे झाले असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पण पुढे 24 ग्रँड स्लॅम जिंकणाऱ्या खेळाडूची शिस्त तिथूनच दिसू लागली.

थांबण्याचा निर्णय घेण्यात रॉजर फेडरर सर्वांत धोरणी होता. 2016 च्या सुरुवातीला त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. विम्बल्डननंतर त्याने उरलेले वर्ष सोडून दिले. पस्तिशीतल्या खेळाडूने सहा महिने बाहेर बसणे म्हणजे निवृत्तीची तयारी, असे अनेकांना वाटले. जानेवारी 2017 मध्ये तो परतला आणि पाच सेटमध्ये नदालला हरवून ऑस्ट्रेलियन ओपन जिंकला. मग त्याने मातीचा सगळा हंगाम वगळला आणि विम्बल्डन एकही सेट न गमावता जिंकले. 2021 मध्ये मात्र हेच धोरण अपुरे पडले. फ्रेंच ओपनची तिसरी फेरी जिंकून त्याने हिरवळीसाठी माघार घेतली, पण विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत ह्युबर्ट हुरकाझविरुद्ध शेवटचा सेट 6-0 असा गेला. तो त्याचा शेवटचा एकेरी सामना ठरला. स्पर्धेच्या मध्यात, जिंकत असताना माघार घेणे योग्य की अयोग्य, यावर तेव्हा बराच वाद झाला. चाळिशीला टेकलेल्या खेळाडूला आपल्या गुडघ्याचे उरलेले सामने कुठे खर्चायचे हे ठरवण्याचा पूर्ण हक्क होता, असेच म्हणावे लागेल.

राफाएल नदालने उलट मार्ग धरला. त्याच्या डाव्या पायाला म्युलर-वाइस नावाचा हाडाचा विकार आहे. 2022 मध्ये मज्जातंतू बधिर करणारी इंजेक्शने घेऊन तो फ्रेंच ओपन खेळला आणि चौदाव्यांदा जिंकला. त्याच वर्षी विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व सामन्यात पोटाचा स्नायू फाटला असतानाही त्याने टेलर फ्रिट्झला पाच सेटमध्ये हरवले. उपांत्य सामना मात्र त्याला सोडावा लागला. त्यानंतर त्याचे शरीर त्याला पुन्हा ग्रँड स्लॅमच्या विजेतेपदापर्यंत नेऊ शकले नाही. 22 अजिंक्यपदांची किंमत त्याने जाणूनबुजून मोजली. तरी तरुण खेळाडूंनी अनुकरण करावे असा हा मार्ग नाही.

2024 मध्ये जोकोविचने तिसराच मार्ग दाखवला. फ्रेंच ओपनच्या चौथ्या फेरीत त्याच्या गुडघ्यातली गादी फाटली. तो सामना त्याने जिंकला, पुढच्या सामन्यातून माघार घेतली आणि 5 जूनला शस्त्रक्रिया करून घेतली. 1 जुलैला सुरू झालेल्या विम्बल्डनमध्ये तो खेळला आणि अंतिम फेरीत अल्काराझकडून हरला. तीन आठवड्यांनी त्याच अल्काराझला हरवून त्याने पॅरिसचे ऑलिंपिक सुवर्ण मिळवले, वयाच्या 37 व्या वर्षी. त्या वर्षाचे खरे लक्ष्य ऑलिंपिक आहे, हे त्याने आधीच ठरवले होते. लवकर शस्त्रक्रिया करण्याचा निर्णय त्यामुळेच सोपा झाला.

अशी निवड करण्याची मोकळीक फार थोड्यांना असते. पुरुष एकेरीच्या मुख्य ड्रॉमध्ये क्रमवारीनुसार 104 जणांना थेट प्रवेश मिळतो. 16 जण पात्रता फेरीचे तीन सामने जिंकून येतात आणि 8 जागा वाइल्ड कार्डच्या असतात. पहिल्याच फेरीत हरणाऱ्यालाही 2025 मध्ये विम्बल्डनला 66,000 पौंड आणि न्यूयॉर्कला 1,10,000 डॉलर मिळाले. नव्वदाव्या क्रमांकावरच्या खेळाडूच्या वर्षभराच्या प्रवासाचा, प्रशिक्षकाचा आणि फिजिओचा खर्च अशा चार धनादेशांवर उभा असतो. मग पोटरी दुखत असली तरी तो कोर्टवर उतरतो आणि एखाद्या सेटनंतर सामना सोडतो. 2017 च्या विम्बल्डनमध्ये जोकोविच आणि फेडरर या दोघांचेही पहिले सामने एकाच दिवशी असे अर्ध्यावर संपले. त्यानंतर 2018 पासून ग्रँड स्लॅम मंडळाने नियम बदलला. आधीच माघार घेणाऱ्या जखमी खेळाडूला पहिल्या फेरीच्या बक्षिसाची निम्मी रक्कम मिळू लागली आणि त्याच्या जागी येणाऱ्याला उरलेली निम्मी. तंदुरुस्त नसताना खेळणाऱ्यावर दंडाची तरतूद झाली. खेळाडूच्या चारित्र्यावर बोट न ठेवता पैशाची रचना बदलल्याने हा नियम चांगला ठरतो.

दीर्घ दुखापतीसाठी 'संरक्षित क्रमवारी' ही सोय आहे. किमान सहा महिने बाहेर राहिलेला खेळाडू परतल्यावर मर्यादित स्पर्धांत जुन्या क्रमांकाच्या आधारे प्रवेश मिळवू शकतो. मात्र तिच्यामुळे प्रवेश मिळतो, मानांकन मिळत नाही. आई होऊन परतणाऱ्या खेळाडूंना हा फरक जास्त जाचला. सेरेना विल्यम्सने जानेवारी 2017 मध्ये गरोदरपणाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली होती. प्रसूतीनंतर 2018 च्या फ्रेंच ओपनला ती बिनमानांकित उतरली, तेव्हा तिचा क्रमांक 451 होता. त्यावर झालेल्या चर्चेनंतर महिला टेनिस संघटनेने अशा खेळाडूंसाठी नियम सैल केले. 2025 मध्ये संघटनेने 12 महिन्यांपर्यंतच्या सपगारी प्रसूती रजेची योजनाही जाहीर केली. कोवळ्या वयाच्या टोकाला असाच धडा जेनिफर कॅप्रियातीने दिला होता. तेराव्या वर्षी व्यावसायिक झालेली ही मुलगी विशीच्या आतच खेळापासून दुरावली. त्यानंतर 1995 पासून अल्पवयीन मुलींच्या स्पर्धांवर मर्यादा आली. कॅप्रियाती पुढे परतली आणि तीन ग्रँड स्लॅम जिंकली. ॲश्ले बार्टीने मात्र 2022 मध्ये, पहिल्या क्रमांकावर असताना आणि ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून दोनच महिने झाले असताना, 25 व्या वर्षी रॅकेट खाली ठेवली. आपल्याकडे देण्यासारखे आता काही उरले नाही, असे तिने मोकळेपणाने सांगितले.

भारतीय खेळाडूंसाठी शरीर आणि कारकीर्द यांची सांगड बहुधा दुहेरीत बसली. मुंबईत जन्मलेली सानिया मिर्झा 2007 मध्ये एकेरीत 27 व्या क्रमांकावर पोहोचली होती. मग मनगट आणि गुडघ्यांवरच्या शस्त्रक्रियांनी तिला गाठले. 2013 मध्ये तिने एकेरी सोडली. दुहेरीत अर्धेच कोर्ट सांभाळायचे असते आणि हाताच्या ताकदीपेक्षा हातातले कसब जास्त कामाला येते. मार्टिना हिंगिससोबत तिने विम्बल्डन, अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन ओपन लागोपाठ जिंकल्या आणि एप्रिल 2015 मध्ये दुहेरीत जगात पहिला क्रमांक मिळवला. एकेरीतून वेळेवर बाहेर पडणे हा तिच्या कारकिर्दीतला सर्वांत शहाणा निर्णय होता. कोडगूच्या रोहन बोपण्णाच्या गुडघ्यांतली कूर्चा झिजली होती. त्याने अय्यंगार योगाचा आधार घेतला, जी पद्धत बी. के. एस. अय्यंगार यांनी पुण्यात घडवली. जानेवारी 2024 मध्ये मॅथ्यू एब्डेनसोबत ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून 43 वर्षांचा बोपण्णा दुहेरीतला आजवरचा सर्वांत वयस्क अव्वल खेळाडू झाला. लिअँडर पेसच्या दुहेरीतल्या 18 ग्रँड स्लॅम अजिंक्यपदांमागेही घरातच एक जाणकार होता. गोव्यात मुळे असलेले त्याचे वडील डॉ. वेस पेस 1972 च्या ऑलिंपिकमध्ये हॉकी खेळले होते आणि क्रीडावैद्यक हे त्यांचे क्षेत्र होते.

एकेरीतली वाट किती खडतर आहे, ते सुमीत नागलच्या उदाहरणात दिसते. 2021 च्या अखेरीस त्याच्या खुब्यावर शस्त्रक्रिया झाली. 2023 मध्ये आपल्या बँक खात्यात 900 युरो उरले आहेत, असे त्याने जाहीरपणे सांगितले. जर्मनीतल्या ॲकॅडमीत सराव करणेही त्याला परवडत नव्हते. काही महिन्यांनी, जानेवारी 2024 मध्ये, ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पात्रता फेरीतून येऊन त्याने मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला हरवले. ग्रँड स्लॅममध्ये मानांकित खेळाडूला हरवणारा तो 1989 च्या रमेश कृष्णन यांच्यानंतरचा पहिला भारतीय पुरुष होता. दुसऱ्या फेरीपर्यंतच्या मजलीबद्दल त्याला 1,80,000 ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले.

2024 पासून पुरुष व्यावसायिक संघटनेने (एटीपी) खेळाडूंना किमान उत्पन्नाची हमी दिली. त्या वर्षी ती पहिल्या शंभरांना 3,00,000 डॉलर, 175 व्या क्रमांकापर्यंत 1,50,000 आणि 250 व्या क्रमांकापर्यंत 75,000 इतकी होती. दुखापतीमुळे हंगाम बुडालेल्यांसाठीही वेगळी तरतूद आहे. ही हमी 250 व्या क्रमांकाशी संपते, आणि भारताचे बहुतेक एकेरी खेळाडू त्या रेषेच्या बाहेर आहेत. पुण्यातल्या बालेवाडीला 2018 ते 2023 या काळात जी एटीपी स्पर्धा झाली, तिच्यातून घरच्या खेळाडूंना वाइल्ड कार्डने मोठ्या स्पर्धेचा अनुभव मिळत होता. आता तीही हाँगकाँगला गेली आहे. स्पर्धा भरवायला पुढे येणाऱ्या संघटना आणि पुरस्कर्ते यांनी एवढे करावे: शस्त्रक्रियेनंतरच्या सहा महिन्यांचा फिजिओचा, ट्रेनरचा आणि घरखर्चाचा भार उचलावा, म्हणजे अडीचशेच्या पलीकडच्या भारतीय खेळाडूलाही पुरते बरे होऊन मगच कोर्टवर उतरता येईल.